तिसरं शिखर

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

गुडघा काय म्हणतो? जिने कमी चढ सांगितलं, तरी तू ऐकणार नाहीस.

आज मुद्दाम लिहायला बसलो, कारण फोनवर बोलायची छाती झाली नाही. माझ्या प्रबंधातला तो अणूचा गाभा आठवतो? धक्का दिलेला गाभा शांत होताना ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतो. यंत्राच्या आकड्यांवरून तू आलेख काढायचीस आणि त्यातल्या शिखरांच्या अंतरांवरून मी गाभ्याचा आकार ठरवायचो. तुझ्या आलेखात एक बुटकं शिखर होतं, तिसरं. ते धरलं तर माझा गोल गाभा गोल राहत नव्हता. मी आपल्या प्रयोगशाळेच्या सरांना सांगितलं, ताईने आकडे वाचण्यात घोळ केलाय. शिखर गेलं, मला पदवी मिळाली, आणि तुला आलेखाच्या टेबलावरून उठवून खाली भांडारात बसवलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं गं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेने नव्या यंत्रावर तेच मोजलं. तिसरं शिखर जिथल्या तिथे आहे. गाभा चेंडू नाही, बटाट्यासारखा लांबट आहे. सव्वीस वर्षं मी मुलांना चूक शिकवलं. पण तू तितकीच वर्षं स्क्रू मोजत बसलीस, ते मला जास्त खातंय. कोणत्या तोंडाने माफी मागू?

लोभ या पत्रानंतरही राहू दे.

तुझा अपराधी,
ढब्बू

११ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते, आमचं बरं जमतं. आणि भांडारात नुसते स्क्रू नव्हते, काचेच्या नळ्याही होत्या. माझं खातं एवढं हलकं समजू नकोस!

राग आला होता, खोटं कशाला बोलू? कितीतरी महिने डबा खाली एकटीनेच खाल्ला. पण दोष माझाही आहे. सरांनी मला बोलावून विचारलं होतं, चूक झाली असेल का. तू दाराशी नखं कुरतडत उभा होतास. मी हो म्हटलं. धाकट्याचं भलं होतंय, माझं काय बिघडतंय, असं वाटलं. बरंच बिघडलं रे.

आलेखाच्या मागे मी पेन्सिलने लिहिलं होतं, तीनदा ताडून पाहिलं, बरोबर आहे. तू घाईत ते पाहिलं नसशील. ते पाहिलं नाहीस, एवढ्या एका गोष्टीवर मी तुला मनातून केव्हाच माफ केलंय. माफी नको. दुरुस्ती छापशील तेव्हा लिही, की मूळ आलेख अचूक होता, आणि तो कोणी काढला. सरांनाही सांग, त्यांना ऐकू येतंय तोवर.

मायेत काही उणं नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

दुरुस्ती लिहून झाली. तुझं नाव पहिल्याच ओळीत आहे. सरांना कानाशी मोठ्याने सगळं सांगितलं. ते म्हणाले, तिचा हात सुरेख होता, पुढे तिने काय केलं?

घरी येऊन तो जुना आलेख कपाटातून बाहेर काढला. मागची बाजू कोरी आहे. पण कागद उजेडात तिरपा धरला की पेन्सिलचे वळ अजून दिसतात. ताई, मी ते वाचलं होतं. घाई वगैरे काही नव्हती. सरांकडे जाण्याआधी मीच खोडरबराने पुसलं, आणि पहिल्या पत्रातही तुला खोटंच लिहिलं. दुरुस्तीत आता हेही घातलंय.

आलेख सोबत पाठवतो. लोभ असावा, असं आज लिहीत नाही. तू ठरव.

ढब्बू