चौथा खुंट

पहूर, ता. ३ मार्च १९५४

तळ्याची खोदाई आज संपली. मध्ये आठ जागी मूळ जमीन न खोदता खुंट सोडलेत, वरच्या गवतासकट; गवत हीच मूळ जमिनीची खूण. ओव्हरसीअर साहेब खुंटांची उंची मोजतील. तीच तळ्याची खोली, त्यावरच बिल. तोवर खुंट जपायचे. ठेका आबांचा; ते दोन्ही वेळा फेरी मारतात, केळीचे घड राखावेत तसे.

नथ्थू मुकादमाची माणसं होळीला धुळ्याकडे घरी जाणार. मोजणी त्याआधी व्हायला हवी.

ता. ५

साहेब आले नाहीत. जळगावला गेलेत म्हणे.

नथ्थू दारात बसून होता. चौथ्या खुंटापाशी काळी माती संपून दगडासारखा मुरूम लागला, तिथे पहारी बोथट झाल्या. करारात मात्र सगळ्या खोदाईला एकच दर. करार मीच आबांना वाचून दाखवला होता. "मुरूम लागला तर?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "त्याचं काही लिहिलेलं नाही." लिहिलेलं नाही म्हणजे मिळणार नाही, हे तेव्हा सुचलं नाही. घरात सातवीची फायनल पास झालेली पहिली मी. वाचता येणं आणि कळणं...

ता. ८

चौथा खुंट उंच वाटला. पट्टी लावली. वहीत पाच फूट दोन इंच, आज पाच फूट दहा. बाजूनं खुरप्यानं खरवडलं. वर गवत, खाली वीतभर माती, आणि तिच्याखाली पुन्हा गवत, पिवळं पडलेलं.

नथ्थूला विचारलं. त्यानं लपवलं नाही.

"बठ्ठा ठेकामा असंच चालस, ताई."

"हे खोटं आहे, नथ्थूभाऊ."

"माती खोटी व्हई. घाम त खरा शे ना?"

मुरमाचा दर करारात मागून घ्यायला आबांना मी सांगितलं असतं तर ही वेळ त्याच्यावर आली नसती.

आबांना सांगावं का? त्यांना ठाऊकच असेल तर?

ता. ९

उजाडता गेले, एकटी. वरची वीत काढून टाकली. पण तिला चिकटून खालचं पिवळं गवतही निघून आलं. खुंटाचा माथा भादरल्यासारखा उघडा. गवत परत ठेवून पाहिलं, बसेना. आता उंची बरोबर पाच फूट दोन इंच आहे, आणि कोणी विश्वास ठेवणार नाही.

ता. ११

साहेब आले. इतर सात खुंट नीट मोजले. चौथ्यापाशी थांबले.

"याचं गवत कुठे गेलं?"

नथ्थू माझ्याकडे पाहत होता. मी बोलणार होते, खरंच.

आबाच म्हणाले, "गुरं चढली असतील, रावसाहेब."

"तुमची गुरं पट्टी लावून चरतात वाटतं, आबा!"

त्या कोपऱ्याची खोली शून्य धरली. शनिवारपर्यंत जळगावला लेखी खुलासा द्या, वरचे साहेब ठरवतील, असं सांगून गेले.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत राहिले. "मला विचारायचं होतंस, कमल." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ता. १२

खरं लिहिलं तर आबांचं नाव ठेकेदारांच्या यादीतून जाईल. नथ्थूला कोणी कामावर घेणार नाही. गुरं चढली असं लिहिलं तर शेजारच्या खुंटावरून खोली धरतील कदाचित. माणसांची त्या कोपऱ्याची मजुरी त्यातच अडकली आहे. सगळ्यांत जास्त मेहनत तिथलीच.

नथ्थू येऊन गेला. "मनं नाव लिखी टाक, ताई. तुले खोटं जमत नही." टोमणा होता की माया, कळलं नाही.

आबा म्हणाले, "दोन्ही लिही. तिथं माणूस पाहून ठरवतो."

ता. १३, शनिवार

दोन्ही लिहिले. गुरांच्या कागदावर अक्षर जास्त चांगलं आलं.

आबांना वाचता येत नाही, म्हणून खऱ्या कागदाचा कोपरा दुमडला. "दुमडलेला तो खरा, आबा." त्यांनी मान हलवली. दोन्हींवर मी शिकवलेली सही केली, सावकाश.

जळगावला जायला आबा पाचोऱ्याच्या गाडीसाठी निघाले. उंबऱ्यात दोन्ही कागद एकावर एक ठेवले, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

मी पाहत होते. इतक्या घड्यांत दुमडलेला कोपरा ते कसा ओळखणार? ते वळणापर्यंत दिसत होते. हाक मारली नाही.