नाजनीनचा प्रश्न

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

आज अकरावीला शिकवलं: अमेरिका स्वातंत्र्याला मानते, म्हणून तिचं परराष्ट्र धोरण लोकशाहीच्या बाजूचं. नाजनीन उभी राहिली. तिचे अब्बा आखातात नोकरीला आहेत.

"सर, अब्बांच्या तिथं राजा हाय, निवडणूक नाय. मग अमेरिका त्यांची दोस्त कशी?"

मी म्हणालो, "परीक्षेत पुस्तकातलंच लिही."

"व्हय सर," म्हणत तिनं वहीतला प्रश्न खोडला.

ते खोडणं डोळ्यांसमोरून हलत नाही. मला सुचलं नाही, की बोलायला घाबरलो? मूल्यं खरी, पण तेलाची गरजही खरी, एवढं तरी सांगता आलं असतं. तिनं प्रश्न खोडला, तोही माझ्यामुळे...

शेवटी तिच्या घरी फोन लावला. "तुझा प्रश्न बरोबर होता. मीच टाळला."

तिनं विचारलं, "मग सर, उत्तर काय हाय?"