कागदी ग्लासाचा किस्सा

रवि. ९ फेब्रु.
काशिनाथ सरांचा सेवापूर्ती समारंभ, तेलगावच्या मंगल कार्यालयात. सूत्रसंचालन माझ्याकडं. प्रमुख पाहुणे येईनात, माणसं चुळबुळायला लागली, म्हणून किस्से सुरू केले. सासूबाईंचा पण सांगितला. "आमच्याकडं पाहुण्याला आधी आडनाव विचारतात. मग ठरतं, पाणी भांड्यातून की कागदी ग्लासातून. माझ्या एका मैत्रिणीच्या हातातलं तर अर्धं प्यालेलं भांडं काढून घेतलं!" हॉल फुटला हसून.
मैत्रीण म्हणजे प्रमिला. विज्ञान शिकवते, अठरा वर्षं एकाच शाळेत आहोत. तिसऱ्या रांगेत बसली होती. सांगण्याआधी तिला विचारायचं सुचलं नाही. ती हसली का, दिसलं नाही. खरं म्हणजे बघितलं नाही.

मंगळ. ११ फेब्रु.
कुणीतरी क्लिप फिरवलीय. वर लिहिलंय, 'या बाईची जीभ बघा'. एका ग्रुपवर म्हणतात, आमच्या समाजाची बदनामी केली. दुसऱ्यावर, आमच्या अपमानावर बाई हशा पिकवते. पहिल्यांचा राग आला. दुसऱ्यांचं वाचून फोन पालथा ठेवला. सासूबाईंनी भांडं काढून घेतलं तेव्हा मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नव्हते.
दुपारी फोन. अनोळखी नंबर. "बाई, तुमचं घर म्हाईत हाय आमाला." एवढंच. ठेवला.

बुध. १२
नववी ब एकदम गप्प. एरवी मारून मुटकून गप्प करावी लागते.
यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात दोन जण येऊन बसले. तासभर. काम काही नाही. चहा विचारला तर नको म्हणाले. नुसते बसले. हे घरी आले ते चप्पल न काढताच आत. "कावून सांगायला गेलीस ते? हसवायचंच होतं तर नवरा-बायकोचं सांगायचं की."
लातूरहून लेकीचा फोन. तिचाही नंबर कुणाला तरी मिळाला. "मम्मी, तू बोललीस काय नेमकं?" रडत होती. होस्टेलबाहेर पडू नको म्हटलं.

गुरु. १३
ठाण्यात गेलो दोघं. हवालदार चांगला बोलला. तक्रार घेतो म्हणाला, "पण मॅडम, आधी माफीचा व्हिडिओ टाका. लई तापलंय."
तिथून संस्थेच्या अध्यक्षांकडं. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. कागद तयारच होता. 'सदर किस्सा काल्पनिक असून आमच्या भागात असे कधीही घडलेले नाही.'
मी म्हटलं, "भाऊ, घडलंय ते. माझ्याच घरी."
"घडलं आसंल. तुमाला नोकरी करायची का न्हाई?" मग पान लावता लावता, सहज विचारावं तसं, "ती मैत्रीण कोण?"
नाव सांगितलं मी. विचारल्या क्षणी.
व्हिडिओ तीनदा घेतला. पहिल्यात आवाज कापत होता. भाऊंना तोच आवडला.

शनि. १५
फोन बंद झाले. हात जोडलेले मेसेज. 'विषय संपला ताई.' दुकानात कुणी नाही. लेक जेवली म्हणे नीट.
मोकळ्या तासाला प्रमिलाजवळ जाऊन बसले. वह्या तपासत होती. "बघितला तुझा व्हिडिओ."
"घाबरले गं मी."
"म्हाईत हाय. मी पण घाबरते. तुझं हे चार दिवसांचं हाय." पान उलटलं. "त्या दिवशी हॉलमध्ये आजूबाजूच्या बायका माझ्याकडंच बघत होत्या, म्हणून हसले मी. तेवढं सोडून दिलं होतं. आन् आता तू म्हणतीस, घडलंच न्हाई. मग ते पाणी मी कुठं प्याले, सुनंदा?"
ती लाल पेननं बरोबरच्या खुणा करत राहिली.

सोम. १७
मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर प्रमिलाला कागद दिला. भाऊंचा निरोप. तिनंही दोन ओळी लिहून द्यायच्या, असं काही घडलं नाही म्हणून. म्हणजे तक्रारी मिटतील. तिनं कुणाकडं बघितलंच नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. "उद्या देते." हो नाही, नाही पण नाही.
भाऊंना तिचं नाव कुणी दिलं, ते तिनं विचारलं नाही. कळलंच असणार.
परतताना एकाच रिक्षात असतो आम्ही. आज ती आधीच्या रिक्षानं गेली.
हे म्हणतात, "एकदा बोलून बघ. तुझं ऐकती ती." फोन घेतला, तिचं नाव काढलं, परत ठेवला.
तिनं 'घडलं नाही' असंच लिहावं, असं मला वाटतंय. फार वाटतंय. भाजी चिरताना तेवढंच डोक्यात. खरं लिहिलं तर ते दोघं पुन्हा दुकानात येऊन बसतील, आणि या वेळी तिच्याही दारात कुणी जाईल. तिच्या घरी तर ती आणि म्हातारी आई, दोघीच.
आणि खोटं लिहून दिलं, तर मधल्या सुट्टीत तिच्यासमोर डबा कसा उघडायचा मी?