एकदम साफ

सालेकसा, सोमवार, संध्याकाळ

भाची मनीषा स्वतः बनवलेला अँप्लिफायर घेऊन आज माझ्या लाउडस्पीकरच्या दुकानात आली. पहिलाच, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, वाजेल एवढा मोठा.

"रांगता येत नाही अन् नाचाले निघाली," मी म्हटले.

"नाचाचंच आहे त मंडईतच नाचू ना, मामा!"

नवशिक्यांना सांगतो तेच सांगितले. आधी लाइनमध्ये बल्ब घालून चालू कर. बल्ब उजळून मंदावला तर ठीक, तसाच जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मंदावला. मग स्पीकर जोडला आणि गाणे न लावताच कान जवळ नेला.

"एकदम साफ," मी म्हणालो.

तिने कान लावला. "कायचा साफ? सूं आवाज येऊन राहिला ना."

मी पुन्हा ऐकले. दुसऱ्या कानाने ऐकले. काहीच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ द्या मामा, लय बारीक आहे."

सगळा जन्म भोंग्यांजवळ गेला. कान जप, हे तिला सांगायचे राहिलेच.

वाईट वाटले का? तेही कळत नाही.

दिवेलागणीला देवापुढे बसलो. घंटी हलवली आणि थांबलो. पुन्हा हलवली. ही घंटी मी रोज ऐकतो, की नुसती आठवतो? कधीपासून? परत हलवली. हलवतच राहिलो.

आतून बायको ओरडली, "किती वाजवून राहिले! पुरे करा आता."

म्हणजे वाजत होती. देवाला ऐकू गेली असेल.