नऊशे-वीसच्या शेजारी हजार-वीस

सोमवार, १४ नोव्हेंबर १९६६. बोईसर

वस्तुस्थिती क्रमाने. ट्रेलरच्या मागच्या आसावर प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी टायरांची जोडी, म्हणजे चार टायर. मूळ माप नऊशे-वीस: रुंदी नऊ इंच, रिम वीस इंची. दसऱ्याला दोन झिजले. त्या मापाचे बाजारात मिळेनात. मालक शेठनी मोठे, हजार-वीस आणले, रिम तीच पण रुंदी-उंची जास्त, आणि प्रत्येक जोडीत एक नवा, एक जुना बसवला. इंजिनिअर मी, पण मला विचारले नाही. शुक्रवारी सिमेंट घेऊन तारापूरला जाताना पास्थळजवळ उजवीकडचा नवा फुटला. इजा कोणाला नाही. ड्रायव्हर जनार्दन तांडेल, राहणार माहीम, आजपासून घरी.

शेठ म्हणाले, "जुना शाबूत, नवा फुटला. मग दोष हाकणाऱ्याचाच ना?"

वाक्य तर्कशुद्ध वाटते. अशा वाक्यांचा मला संशय येतो.

मंगळवार, १५

फुटलेला टायर पाहिला. खिळा नाही, दगडाची जखम नाही. बाजू आतून काळवंडून सुटलेली, म्हणजे तापला. टायर वेगाने तापतो, तसाच भारानेही. यातले कोणते?

तांडेलांना बोलावून घेतले. "तीसच्या वर काटा गेला नाय, साहेब. सिमेंट भरल्यावर ती गाडी पळते कुठं? म्हस बरी." गाडी भरधाव नेली असे शेठ त्यांच्याकडून लिहून मागतात. "सही केली तर लायसन जाईल. नाय केली तर काम."

गुरुवार, १७

प्रयोग. ट्रेलर आवारात, माल अजून वरच, डावी जोडी जशी होती तशी. जमिनीवर चुना पसरला. तांडेलांनी गाडी हळू पुढे घेतली. नव्याचा ठसा कडेपर्यंत रुंद. शेजारच्या जुन्याची मधोमध चिंचोळी पट्टी, तीही तुटक. उजवीकडेही असेच असणार: भार एकट्या नव्यावर, जुना नुसता सोबतीला. म्हणूनच जुना शाबूत.

तांडेल बराच वेळ वाकून पाहत होते. "दोघांच्या कावडीत तर ठेंगण्याच्या खांद्यावर भार सरकतो. हितं उंचावर कसा?"

प्रश्न उत्तम. कावड कलते; आस जोडीतल्या एका चाकापुरता कलत नाही. उंच चाक आधी टेकते, तेच चेपते.

"म्हंजे उंच असून बी सुख नाय." स्वतः ताडमाड आहेत.

शुक्रवार, १८

मग चारही हजार-वीस? रुंदी जास्त, आपल्या रिमांवर जोडीतली फट भाराखाली बोटभरही उरत नाही, बाजू घासतील. रिमा बदलाव्या लागतील. चारही नऊशे-वीस निर्दोष, पण मिळत नाहीत. एका बाजूची जोडी एका मापाची, दुसरीची दुसऱ्या? आस थोडा कलेल. पण हा आस इंजिन फिरवत नाही, नुसता मागून ओढला जातो. कितपत बाधेल? करून पाहायला हवे. मोजल्याविना मत नाही.

शेठ: "तुमचा चुना भिंतीला लावा, इंजिनिअर साहेब. सोमवारी माल निघेल." उजवीकडे पुन्हा नवा हजार-वीस, जुन्याच्याच शेजारी. हाकणार तांडेल, सही दिली तर.

शनिवार, १९

शेठना आज दिलेल्या पत्राची नक्कल:

"ठसे आवारात राखले आहेत, स्वतः पाहावेत. भिन्न उंचीचे टायर एका जोडीत बसवण्याचा आदेश कोणाचा? सोमवारी तीच जोडणी रस्त्यावर गेली तर जबाबदार कोण? तांडेलांनी सही केलेली नाही. करू नये असा सल्ला मी दिला आहे. त्यांनी गाडी भरधाव नेली असे आपले मत असेल तर ते आपण लिहावे आणि खाली सही आपली असावी. तोवर ट्रेलर आवाराबाहेर सोडण्यास माझी संमती नाही. तोंडी निरोप पाठवू नये. उत्तर लेखी हवे."