दोन व्याह्यांचं वायरिंग

वलवण, लोणावळा
मंगळवार, १० मार्च

आदरणीय दाजी यांस,
धाकटा मेव्हणा भिमाजी याचा सविनय जय भीम.

तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देत असेल, आणि आक्का गोळ्या वेळेवर घेत असेल, असं धरून चालतो. इकडे रतन बरी आहे. मीही तब्येतीने ठणठणीत आहे, फक्त पंधरा दिवस झाले, रागाने जेवण जात नाही. (रतन म्हणते, दोन भाकऱ्या जातात. जातात, पण त्या रागात जातात, हे ती धरत नाही.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन केला की आक्का तो स्पीकरवर टाकते, मग सोमाटण्याच्या निम्म्या गल्लीला माझं दुःख कळतं, आणि तुम्ही मधे मधे 'बरं, बरं' म्हणत बातम्या बघत बसता. पत्र वाचताना माणसाला निदान चष्मा तरी लावावा लागतो.

दाजी, प्रेरणासाठी मळवलीचं स्थळ तुम्ही आणलंत. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. अमृतसारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. तक्रार त्याच्या वडिलांबद्दल आहे. गोरखराव म्हणजे सरळ माणूस, असं तुम्ही आमच्या ओट्यावर बसून छातीला हात लावून सांगितलं होतं. आता ऐका त्या सरळ माणसाचं.

तुम्हाला माहीतच आहे की प्रेरणा आणि अमृत मळवलीच्या बंगल्यांवर जेवण पोचवतात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन उतरतात, त्यांना चुलीवरचं कोंबडं आणि तांदळाची भाकरी लागते. आजवर हे सगळं स्कूटरवर चाललं. प्रेरणा पुढे, पातेलं मधे, आणि रस्सा दोघांच्या अंगावर. दोन महिन्यांमागे एका मॅनेजरने, ज्याच्या हाताखाली आठ बंगले आहेत, तिला सांगितलं की चारचाकी असेल तर आठही बंगल्यांचं जेवण तुझं, एप्रिलपासून. पोरीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा होता. आता गोरखरावांकडे एक जुनी जीप, जिच्यात त्यांनी बावीस वर्षं मळवली स्टेशनावरून कार्ल्याच्या आणि लोहगडाच्या पायथ्याला माणसं नेली. पत्रा, चाकं, कागद सगळं चोख, पण इंजिन बसलेलं. माझ्याकडे रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला पिकअप. त्याचं इंजिन गोड चालतं, पण लोणावळ्याच्या हवेत पत्रा असा गंजला की आत बसलं की खालचा रस्ता दिसतो. तेव्हा त्यांची जीप आणि माझं इंजिन, मिळून पोरांना एक गाडी, असं दोन्ही घरांत ठरलं. आरटीओची परवानगी अमृतने रीतसर काढली. इंजिन गॅरेजवाल्याने बसवून दिलं. राहिलं फक्त वायरिंग. ते आपण दोघं मिळून करू, असं मी म्हणालो. (हे मी का म्हणालो, याचा विचार मी रोज करतो.)

माझी नोकरी तुम्हाला सांगायला नको. छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात वायरी जोडल्या. मी जोडलेल्या सिग्नलवर कर्जत ते पुणे गाड्या धावल्या, एकही चुकीच्या रुळावर गेली नाही. पण इथे मी मुलीचा बाप. लग्नात आपण पत्रिकेवर ठळक छापलं होतं की आहेर नाही, मानपान नाही, आणि खरोखर एक टोपीसुद्धा कुणी कुणाला घातली नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. दाजी, तो सगळा मानपान दोन्ही घरांत आत कुठेतरी साठून राहिला होता आणि सव्वा वर्षाने त्या जीपच्या डॅशबोर्डखाली बाहेर पडला.

पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगणात, फणसाखाली, दोन्ही गाड्यांच्या वायरींचे गठ्ठे मांडून ठेवलेले. चहा झाला. मी पक्कड उचलली तर गोरखराव मागे सरून उभे. "पाव्हणं, पयली वायर तुमच्या हातानं." मी म्हटलं, छे छे, गाडी तुमची, मान तुमचा. ते म्हणाले, इंजिन तुमचं. असं होता होता चहा दुसऱ्यांदा आला. शेवटी शकुबाई विहीणबाई कंटाळल्या आणि त्यांनी दोघांना मिळून पक्कड धरायला लावली, अमृतने फोटो काढला, आम्ही फोटोकडे बघत हसून दाबली, आणि जी वायर कापली ती कापायचीच नव्हती.

आता मुख्य गोष्ट. दोन वेगळ्या गाड्या म्हणजे दोन वेगळ्या भाषा. पिकअपमध्ये हिरवी वायर ब्रेकच्या दिव्याला जाते, जीपमध्ये हिरवी हॉर्नला. त्यामुळे प्रत्येक वायर बॅटरी लावून, बल्ब पेटवून, तपासून जोडायची असते. गोरखरावांचं म्हणणं, हिरव्याला हिरवी, लालला लाल, रंग काय उगाच दिलेत का. दुसरा कुणी असता तर मी त्याला तिथेच सोलला असता. पण मुलीच्या सासऱ्याला 'तुम्हाला यातलं कळत नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, आपलं बरोबर आहे. आणि माझ्या बाजूचे जोड, म्हणजे इंजिनाकडचे, मन मारून त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रंगाला रंग लावत गेलो. तिकडे ते सीटखाली आडवे. तीन दिवसांनी मला कळलं की ते त्यांच्या बाजूचे जोड माझ्या पद्धतीने, बल्ब लावून करत होते! का, तर "तुमी रेल्वेतलं माणूस, तुमी म्हनाल तसं." म्हणजे त्यांना मान द्यायला मी माझी अक्कल बाजूला ठेवली, आणि मला मान द्यायला त्यांनी त्यांची. एकाच वायरीचं एक टोक त्यांच्या मताचं आणि दुसरं माझ्या मताचं. कुणा एकाचं मत दोन्ही टोकांना असतं, अगदी चुकीचं असतं, तरी निदान चूक कुठे आहे ते सापडलं असतं.

परिणाम असा की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, आणि ब्रेक सोडेपर्यंत वाजत राहायचा. प्रेरणा स्टेशनच्या रस्त्याने ती चालवून बघायला गेली, तर फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या की गाडी थांबलीय तरी ही बाई कशाला बोंबलतेय. हॉर्न दाबला की वायपर फिरायचे. डावीकडचा दिवा दिला की उजवीकडचा लागायचा, आणि प्रेरणाने ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं की ती स्कूटरवरसुद्धा उलटा दिवा द्यायला लागली. विहीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन बाप्यांना एक वायर जोडता यीना, आन् ह्यांनी पोरांची लग्नं जोडली." मी बूट शोधायला लागलो.

मग अमृतने कार्ल्याचा निवृत्ती वायरमन बोलावला. त्याने गठ्ठा उचलून बघितला, दोघांकडे बघितलं, आणि म्हणाला, तुम्ही दोघं सावलीत बसा, संध्याकाळपर्यंत करून देतो. दाजी, त्या क्षणी, आणि फक्त त्या क्षणी, माझं आणि गोरखरावांचं एकमत झालं. त्याला चहा पाजून परत पाठवला. घरच्या कामात बाहेरचा माणूस कशाला? तेव्हा ऐकलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, हे मला कळतं. पण तेव्हा नकार द्यायला आधी तोंड उघडलं ते गोरखरावांनी, ही गोष्ट लक्षात ठेवा.

यानंतर आठ दिवस सगळे जोड सोडून पुन्हा केले. या वेळी बोलायचं नाही, नुसतं काम करायचं, असं ठरलं. शुक्रवारी दुपारी ब्रेकला ब्रेक आणि हॉर्नला हॉर्न लागला. शनिवारी त्या मॅनेजरची चाळीस पानांच्या जेवणाची ऑर्डर होती, एक प्रकारे परीक्षाच. जीपच्या मागे पातेली, भाकऱ्यांच्या टोपल्या, आणि त्यांच्यामधे आम्ही दोन व्याही, झाकणं धरून. प्रेरणा गाडी चालवतेय, अमृत शेजारी. बंगल्याच्या चढावर, फाटक दहा पावलांवर असताना, डॅशबोर्डमधून धूर. जळक्या रबराचा वास. पोरगी आत बसलेली, दाजी. मी हातातलं झाकण घेऊन नुसता खाली उतरलो. गोरखरावांनी मात्र उडी मारली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीवरची तापलेली वायर उघड्या हाताने ओढून काढली. तळहात सोलून निघाला.

जेवण हाताने उचलून वर नेलं, तासभर उशिरा. मॅनेजर म्हणाला, जेवण चांगलं आहे, पण गाडीचा भरवसा नसेल तर काम दुसऱ्याला देईन, महिनाअखेरपर्यंत बघतो. प्रेरणा घरी येऊन पातेली घासता घासता रडली. अमृतने विचारलं, ही वायर कुणी जोडली होती? मी रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होतो. गोरखराव हाताला हळद लावून बसले होते, ते म्हणाले, "माजा जोड हाय त्यो. पाव्हण्यांनी सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई." हे त्यांचे शब्द, माझे नाहीत. मग अमृत त्यांच्यावर चिडला. त्याने सगळ्यांसमोर वडिलांना सांगितलं की यापुढे गाडीला हात लावायचा नाही.

माझ्या मते हे ठीकच झालं. आता माझी मागणी एवढीच की तुम्ही वडीलधारे, दोन्हीकडे तुमच्या शब्दाला वजन आहे, तेव्हा तुम्ही गोरखरावांना समजावून सांगावं की गाडी यापुढे एका माणसाच्या हातात असू द्या. ज्याने छत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले, तो एक जीप सांभाळेल. महिनाअखेर लांब नाही. यात रागालोभाचं काही नाही, हे पोरांच्या भल्यासाठी आहे. आक्काला नमस्कार.

आपला मेव्हणा,
भिमाजी

ता. क. हे पत्र आक्काला दाखवू नका. ती रतनला वाचून दाखवेल आणि रतन प्रेरणाला.

ता. क. २. वर लिहिलेलं पुन्हा वाचून बघितलं. पाकीट बंद करणार होतो, पण जेवायला बसलो तर खरोखरच घास उतरला नाही. ती वायर मी जोडली होती. शुक्रवारी शेवटी पुढचे दिवे राहिले होते आणि काही केल्या लागत नव्हते. गोरखराव चहाचं सांगायला आत गेले, तेवढ्यात मी बॅटरीवरून थेट वायर नेली, मधे फ्यूज न घालता, पत्र्याच्या कडेवरून. ते परत यायच्या आत दिवे लावून दाखवायचे होते मला. त्यांनी येऊन विचारलं, फ्यूज टाकला का पाव्हणं? मी म्हटलं, टाकला. सिग्नल खात्यात कुणी असं केलं असतं तर मीच त्याला घरी पाठवला असता. चढावर ती वायर कडेला घासून सोलली. ओढून काढली तेव्हा ती गोरखरावांच्या हातात होती आणि मी समोर उभा होतो. त्यांनी एकदा वायरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वायर खिशात टाकली. मुलीच्या बापाची मान मुलीच्या घरात खाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या पोराचं बोलणं खाल्लं. आणि मी ते खाऊ दिलं. मला माझीच लाज वाटते, दाजी.

ता. क. ३. म्हणून वरची मागणी रद्द समजा. खरी विनंती ही, की येत्या रविवारी सकाळी तुम्ही माझ्याबरोबर मळवलीला चला. मी एकटा दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळेला चहा प्यालो, हवापाण्याचं बोललो आणि परत आलो. तुम्ही नुसती सुरुवात करून द्या, अमृतसमोर आणि प्रेरणासमोर, पुढचं मी बोलेन. निवृत्ती वायरमनलाही मी त्याच दिवशी बोलावलं आहे. गोरखरावांना उजव्या हाताने अजून भाकरी मोडता येत नाही, विहीणबाई मोडून देतात, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की म्हातारपणी लाड चाललेत. काल ते पलीकडे वळले तेव्हा मी हळूच बॉनेट उघडून बघितलं. प्रेरणा लहानपणी माझ्या शेजारी बसून माझे जोड बघायची, माझ्या हातचा जोड तिला कुठेही ओळखू येतो. त्या वायरीचं उरलेलं टोक अजून आत आहे. त्यावर कुणीतरी टेपचे सात-आठ वेढे दिलेत, जोड दिसू नये म्हणून. टेप सगळी वाकडीतिकडी आहे, डाव्या हाताने गुंडाळलेली.