मेलेल्या तारा

अलाबामा, ऑगस्ट १९७२

प्रिय हॉलिस,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो. खोडणार होतो, पण घरात हा एकच चांगला कागद उरलाय. तेव्हा तूर्तास प्रिय राहा. तुझं इमोजीनशी लग्न झाल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, लिहायची इच्छाही नव्हती. ती माझी बायको राहिली नव्हती हे मला मान्य आहे, कोर्टानंही ते मान्य केलं होतं. पण अख्ख्या नॅशव्हिलमध्ये तिला दुसरा पुरुष सापडू नये? बास गिटारच वाजवणारा हवा होता, तर तोही माझ्याच खुर्चीशेजारी बसून वाजवलेला? लोक विचारतात, “एमेट, अजून राग आहे का रे?” राग कसला, मला मत्सर वाटतो. रविवारी चर्चहून येऊन इमोजीनच्या हातचं तळलेलं चिकन तू खातोस, आणि माझी पोरगी समोर बसून तुला “येस सर” म्हणते. आयत्या बिळावर नागोबा.

स्टॅलिंग्जच्या स्टुडिओतले आपले दिवस तुला आठवत असतील. तो म्हणायचा, “गाणं रडकं असलं तर एमेटला बोलवा, नाचरं असलं तर हॉलिसला.” माझी प्रिसिजन बास आणि तुझी जॅझ बास, दोघी एकाच कारखान्यातल्या सख्ख्या बहिणी, पण स्वभाव बघ. तू माझ्या गिटारीला ओंडका म्हणायचास. जाड मान, मधोमध तारांचं कंपन पकडणारा एकच पिकअप, आणि आवाज एकच. पण तो आवाज गाण्याखाली घराच्या खांबासारखा उभा राहतो. खांबाकडे कुणी बघत नाही, काढून घेतला की मग सगळे वर बघतात. तुझ्या जॅझला मी नाकातून बोलणारी म्हणायचो. बारीक मान, दोन पिकअप, मागचा जास्त उघडलास की गुरगुर, दोन्ही उघडलेस की मधला आवाज पोकळ, आणि प्रत्येक सूर ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ म्हणून हात वर करणार. तुझ्यासारखीच.

मग एकदा पावसामुळे काम बंद पडलं होतं, त्या दुपारी आपण ड्रमवाल्या टूटला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्टुडिओतल्या सगळ्या गिटारी एकामागून एक वाजवल्या. रिकनबॅकर वाजली तेव्हा तो म्हणाला, “स्वयंपाकघरात कोण ताटं आपटतंय?” व्हायोलिनच्या आकाराची ती हलकी, पोकळ जर्मन गिटार वाजली तेव्हा म्हणाला, “कलिंगड पिकलंय, कापा.” स्टॅलिंग्जच्या मेव्हण्याची जाड आवाजाची गिब्सन वाजली तर म्हणे, “हा माणूस ब्लँकेटखाली बोलतोय, त्याला बाहेर काढा.” आपण सगळे हसून लोळत होतो. मग तू माझी प्रिसिजन उचललीस आणि माझीच एक ओळ वाजवलीस, आणि टूट वळूनही न बघता म्हणाला, “हा काय, एमेट.” तू खूप हसलास. मीही हसलो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. माझी वस्तू तुझ्या हातात गेली तरी कुणाला फरक कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढचं सगळं तुला माहीत आहे.

टूटला गिटार ऐकू आली नव्हती, तारा ऐकू आल्या होत्या, हे तू आणि मी दोघंही जाणतो. आमच्या गावात तार तुटल्याशिवाय बदलत नाहीत. माझ्या तारा चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत, गिटारीबरोबर आलेल्या त्याच. वर्षानुवर्षांचा घाम आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाची चरबी त्यांत मुरलेली. घोडीखाली स्पंजचा तुकडा कोंबलेला, म्हणजे सूर उमटतो, आपलं काम करतो आणि गुमान निघून जातो. तू मात्र नाकानं कांदे सोलणारा. वाजवायच्या आधी हात धुणार, वाजवून झाल्यावर फडक्यानं तारा पुसणार, महिना सरला की नवा जोड. नव्या तारेचा झणत्कार तुला आवडायचा. मी म्हणायचो, “मेलेली तारच खरं बोलते,” आणि तू म्हणायचास, “एमेट, तुझ्या तारांना दफन करायला पाद्री बोलवू का?”

आता माझ्या पोरीबद्दल, रोवीनाबद्दल. सोळाव्या वाढदिवसाला तू तिला जॅझ घेऊन दिलीस. मी तिला एक घड्याळ पाठवलं होतं. घड्याळाबद्दल तिनं आभाराचं कार्ड लिहिलं, जॅझबद्दल ती फोनवर तासभर बोलत होती. जूनमध्ये सुट्टीला ती माझ्याकडे आली, बसमधून उतरताना हातात कपड्यांच्या बॅगेआधी ती लांब पेटी. संध्याकाळी ओसरीवर बसून तिनं वाजवून दाखवलं, आणि मी काय ऐकलं? तुला. तोच दोन्ही पिकअपचा पोकळ आवाज, तोच ‘मी इथे आहे’. वाजवून झाल्यावर खिशातून फडकं काढून तिनं तारा पुसल्या तेव्हा मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. मुलीचं नाक माझं, चाल माझ्या आईची, आणि सूर तुझा. माझ्या पोटात जे दुखलं ते तुला कधी दुखू नये, आणि दुखलं तरी माझी हरकत नाही.

फादर्स डेला सकाळी मी मासे घ्यायला नदीवर गेलो. परत आलो तर ती दारातच उभी, चेहरा लाल, हात मागे. “डॅडी, डोळे मिटा. आता उघडा!” माझ्या प्रिसिजनवर नव्याकोऱ्या, गोल वेढ्याच्या, चकचकीत तारा. घोडीखालचा स्पंज गायब. लाकूडही पॉलिश केलेलं. म्हणाली, “तुमच्या तारा किती जुन्या झाल्या होत्या! हॉलिस म्हणतात, तारा बदलणं म्हणजे गिटारीला अंघोळ घालणं.” हॉलिस म्हणतात! माझ्या घरात, माझ्या गिटारीवर, माझ्याच सणाला! मी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, “फार छान, बेबी” म्हणालो, आणि विचारलं, जुन्या तारा कुठे आहेत. “टाकल्या,” ती म्हणाली आणि खाली बघू लागली. मला वाटलं, माझा चेहरा बघून घाबरली. ती दुकानात गेल्यावर मी कचऱ्याचा डबा अंगणात उपडा केला. शेजारच्या मिसेस गॅडीनं कुंपणावरून विचारलं, “एमेट, दात हरवले का?” तारा मिळाल्या नाहीत.

सुट्टी संपवून ती नॅशव्हिलला परत गेली, आणि मी त्या झणझणत्या तारा घेऊन कामावर गेलो. खरं सांगतो, सगळ्यांनी नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण स्टॅलिंग्ज काचेपलीकडून म्हणाला, “वा! एमेट शेवटी सुधारला.” टूट म्हणाला, “डोळे मिटले तर हॉलिसच आलाय असं वाटतं.” बायको गेली, मुलगी गेली, आणि आता बोटाखालचा सूरही तुझाच. तुझ्यासारखं वाजवून मी पोट भरतोय, याहून वाईट काय असतं ते मला सांग.

गेल्या आठवड्यात तुमच्या नॅशव्हिलहून एक गायिका आली, चर्चमध्ये गाणारी, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. तिनं तिथं नमुन्यादाखल करून घेतलेली टेप आणली होती. स्टॅलिंग्जनं ती लावली. पहिली ओळ संपायच्या आत टूट माझ्याकडे वळला, “लबाडा, हे कधी वाजवून आलास?” स्टॅलिंग्ज म्हणाला, “बघ, हाच तो तुझा जुना आवाज. मला उगाच वाटलं, नवा बरा आहे.” मी ऐकत होतो. गाण्याखाली प्रिसिजन नव्हती. मधला आवाज पोकळ होता, मागचा पिकअप हळूच गुरगुरत होता, म्हणजे जॅझ, यात वादच नाही. पण सूर आखूड होता, गुमान निघून जाणारा. आणि तिसऱ्या तारेवरून बोट वर सरकलं की पाचव्या पडद्यापाशी एक बारीकशी खरखर यायची. ती खरखर मी घडवलेली आहे, हॉलिस. त्याच जागी दाबून दाबून मी ती तार झिजवली, आणि दोन्ही गिटारींच्या तारा सारख्याच लांबीच्या, म्हणून झीजही बरोबर त्याच पडद्यावर आली. मी गायिकेला विचारलं, बास कुणी वाजवलाय. ती कौतुकानं म्हणाली, “हॉलिस ट्रेडवेची मुलगी. एवढीशी आहे, पण काय वाजवते!”

हॉलिसची मुलगी. ते दोन शब्द मी घरापर्यंत चावत आलो. पण घरी पोचेपर्यंत हसू यायला लागलं होतं. तिनं तारा टाकल्या नव्हत्या. मला भेट म्हणून नवा जोड चढवला आणि माझा जुना जोड पेटीत घालून घेऊन गेली. तुझी सगळी शिकवण तिनं मला दिली, आणि माझं जे होतं ते स्वतःला ठेवलं. तू चोर, तर ती तुझ्यावर मोर. खाण तशी माती!

काल मी फोन केला. रोवीना घरी नव्हती, इमोजीननं उचलला. तिचा आवाज ऐकून काय वाटलं ते तुला सांगणार नाही. ती तक्रार करत होती, “या घरात भांडी घासायचा स्पंज टिकत नाही, कुणीतरी निम्मा कापून नेलाय. आणि त्या पोरीच्या तारा इतक्या मळल्यात की हॉलिसला बघवत नाही. पुढच्या सोमवारी तिचं पहिलं मोठं रेकॉर्डिंग, म्हणून त्यानं भारीतला जोड आणून ठेवलाय. रविवारी ती झोपली की तो गुपचूप लावून ठेवणार आहे. तिला केवढा आनंद होईल!” मी फोन ठेवला आणि हा कागद शोधला. हॉलिस, तुला ही गुपचूप आनंद द्यायची सवय आहे, आणि रोवीनानंही ती तुझ्याकडूनच उचलली. तुझा हेतू चांगला आहे, हे लिहिताना माझे दात शिवशिवतात, पण तो आहे. तरी त्या गिटारीला हात लावू नकोस. तारा पुसूही नकोस. स्पंज घोडीखाली सापडेल, तो तिथेच राहू दे आणि इमोजीनला दुसरा आणून दे. मला कळलंय हे रोवीनाला सांगू नकोस. स्वतः येऊन कबूल करेपर्यंत तिची चोरी तिची राहू दे. घर तुझं, बायको तुझी, रविवारचं चिकन तुझं, लोकांच्या तोंडी मुलगीसुद्धा तुझीच. मी त्यावर जळत राहीन, त्याची काळजी करू नकोस. पण आमच्या गावचा नियम तुला ठाऊक आहे, तार तुटल्याशिवाय बदलायची नाही. तेवढा एक तुझ्या घरात पाळ.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
एमेट